आत्याबाईंची ठुशी पांढरी पडलीय, पुन्हा सोन्याचं पाणी द्यावं का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी वसमतची. आमच्या आत्याबाईंची म्हणजे सासूबाईंची एक ठुशी आहे, चांदीवर सोन्याचं पाणी दिलेली, तीसेक वर्षं तरी झाली असतील तिला. कार्याला त्या घालायच्या आणि भादव्यात महालक्ष्म्या बसल्या की जेष्ठेच्या गळ्यात तीच. आता मागच्या बाजूनी मणी पांढरे पडलेत, काही काळे. आत्याबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या म्हणून मला ती मोडायची नाही, उलट आता मीच घालावी म्हणते. इथं एकजण म्हणला दहा मिनिटात करून देतो, परभणीला दुसऱ्यानं चौपट पैसे सांगितले आणि चार दिवस लागतील म्हणला. यात खरं कोण?

उत्तर: परभणीवाला लुटतोय असं लगेच समजू नका. दोघंही सोन्याचंच पाणी देणार, फरक थर किती जाड बसणार याचा आहे. हा थर मायक्रॉनमधे मोजतात, १ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आपला केस साधारण ७० मायक्रॉन असतो त्यावरून अंदाज घ्या. दहा मिनिटात होतं त्याला फ्लॅश म्हणतात, दागिना तांब्याच्या तारेला लटकवून सोन्याच्या द्रावणात बुडवतात, थोडा वेळ करंट सोडतात की झालं, थर ०.२ मायक्रॉनच्या आसपास. दिसायला अगदी नवा कोरा दिसतो, म्हणून तर बायका फसतात, दोन लग्नं आणि एक उन्हाळा झाला की मागून पुन्हा पांढरं. चांगलं काम म्हणजे अडीच मायक्रॉन.

आता हिशोब बघा, सोनं लई जड, १ घन सेंटीमीटरला १९.३ ग्रॅम. समजा ठुशीचा सगळा पृष्ठभाग मिळून १० बाय १० सेंटीमीटर भरला तर ०.२ मायक्रॉनला ४० मिलिग्रॅम सोनं लागतं आणि अडीच मायक्रॉनला जवळपास अर्धा ग्रॅम. आजच्या भावानं गुणून बघा, चौपट पैसे का ते तुमचं तुम्हालाच कळेल. म्हणजे दुकानात "किती घ्याल" हे नंतर, आधी "किती मायक्रॉन देता" हे विचारायचं आणि ते बिलावर लिहून घ्यायचं. लिहून द्यायला कां कूं करत असेल तर सरळ उठून यायचं. नुसती महालक्ष्म्यांना तीन दिवस चढवायची असती तर मी पातळ पाणी पण चालेल म्हणले असते, पण तुम्हाला गळ्यात घालायचीय, घामाला टिकायला थर पाहिजे.

पण खरं सांगू का, सोनं कमी बसलं तर परत बसवता येतं, माझा जीव घाबरतो तो त्याच्या आधीच्या कामाला. माझे वडील सराफ्यातच पॉलिशचं काम करायचे, तरी आईची बोरमाळ ते गेल्यावर आम्ही एका दुकानात दिली आणि घालवून बसलो. मणी आतून पोकळ, लाख भरलेले, त्यानं गरम केले, लाख पातळ होऊन भोकातून बाहेर आली आणि मणी चेपले, वरून बफच्या, म्हणजे चमक काढायच्या फिरत्या चाकावर असे धरले की बारीक नक्षी पार सपाट झाली. चमक इतकी होती की आईनी पहिल्यांदा ओळखलीच नाही. आजपण डबीतच आहे. म्हणून सांगते, ठुशीच्या मण्यात लाख आहे का ते आधी बघायला सांगा, असेल तर गरम करायचं नाही, आणि बफ अगदी हलका, काळं निघण्यापुरता.

दोरा आणि गोंडा काढूनच द्या बरं का. ही द्रावणं बहुतेक सायनाइडची असतात, दोरा ते पिऊन घेतो, कितीही धुतलं तरी आत राहतं आणि नंतर तोच दोरा आपल्या मानेवर. पाणी चढवून झालं की पटवेकऱ्याकडून नव्या दोऱ्यात गाठवून घ्या, परभणीवाल्यानं चार दिवस सांगितले त्यात हे धरलंय का तेवढं विचारा. मधे मोती किंवा पोवळं असेल तर तेही काढून ठेवायचं, द्रावणात खराब होतं. आणि याच सायनाइडमुळं घरी करायचं किट वगैरे मागवू नका, लेकरंबाळं असतात घरात.

अजून एक, पांढरं दिसतंय ती चांदीच आहे याची खात्री करा. जर्मन सिल्व्हर पण पांढरंच दिसतं, त्यात चांदी नावाला नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. शिवाय बरेच जण सोन्याच्या खाली निकेलचा थर देतात. वरचं सोनं झिजलं की तो कातडीला लागतो आणि काहींना मानेवर खाज येते, लालसर चट्टे येतात. चांदी असेल तर निकेल न देता जाड सोनं चढवता येतं, तसं स्पष्ट सांगा.

घालताना अत्तर, पावडर आधी आणि ठुशी शेवटी. उतरवली की मऊ सुती कापडानं पुसायची, महालक्ष्म्या उठल्यावर मण्यांत अडकलेली हळद पण तशीच हलक्या हातानं काढायची, ब्रश नको. रांगोळी, पितांबरी तर अजिबात नको.

प्रश्न: उदगीरहून एका काकूंनी विचारलंय, दारावर दागिने चमकवून देणारे येतात, सुनेच्या पाटल्या द्याव्या का? पाटल्या २२ कॅरेटच्या आहेत.

उत्तर: काकू, दारात उभंसुद्धा करू नका. यातले कितीतरी जण पाटली ॲसिडात बुडवतात, नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक एकत्र केलं की सोनं त्यात विरघळतं, तुम्हाला पाटली परत मिळते, चमकते पण, वजन मात्र कमी झालेलं असतं आणि सोनं त्याच्या डब्यात जातं. बाईमाणूस घरी एकटं बघूनच येतात हे. आत्ता आला असेल तर ११२ ला फोन लावा.

अस्सल सोन्याला पाणी चढवायची गरजच नसते. रिठे रात्रभर भिजत घाला, सकाळी त्या कोमट पाण्यात पाटल्या अर्धा तास ठेवा आणि लहान लेकराच्या मऊ ब्रशनी घासा, नक्षीतला मळ निघतो. दुकानातच द्यायच्या असतील तर सून सोबत जाऊ द्या, आधी आणि नंतर तिच्यासमोर काट्यावर ठेवायला लावा.