तैलरंग आल्यावर कापडावरची सरसाच्या रंगातली चित्रं मागे का पडली?

तुमचा प्रश्न असा आहे: तैलरंग जास्त सुधारलेले होते म्हणून सरसाचे रंग, म्हणजे जनावराच्या कातड्यापासून केलेल्या सरसात कालवलेले रंग, मागे पडले, हे खरं का, आणि आज ते वापरून बघता येतील का? दुसऱ्या भागाकडे शेवटी येते. पहिल्या भागातलं ते 'सुधारलेले होते म्हणून' मी फार वर्षांपासून ऐकतेय आणि ते मला अजिबात मान्य नाही.

आधी काळ बघा. सरसाचे रंग ही तैलरंगांच्या आधीची कच्ची पायरी असती, तर तेल हाती आल्यावर चांगल्या चित्रकारांनी सरस सोडून द्यायला हवा होता. तसं झालेलं नाही. चित्रकार डीरिक बाउट्सने आजच्या बेल्जियममधल्या लुव्हेनच्या सेंट पीटर चर्चसाठी १४६४ ते १४६८ मध्ये केलेलं वेदीचित्र लाकडावर तेलात आहे. त्याच माणसाने ख्रिस्ताला कबरीत ठेवतानाचं चित्र पातळ लिननवर सरसात केलं. ते आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि जेमतेम ९० सेंटिमीटर उंच आहे. पीटर ब्रूगेल थोरल्याने १५६८ साली फाशीच्या खांबावर बसलेला पक्षी लाकडावर तेलात रंगवला आणि त्याच साली एकमेकांना धरून खड्ड्यात पडणारे आंधळे लिननवर सरसात रंगवले. तिकडे इटलीत मान्तेन्याने सॅमसन आणि डिलायला, सिबेली देवीचं रोममधलं आगमन अशी चित्रं लिननवर सरसातच केली. या तिघांना तेल माहीत नव्हतं, जमत नव्हतं किंवा मिळत नव्हतं, असं कोण म्हणेल?

मी मात्र हे अगदी समोरासमोर ऐकलंय.

चित्रं दुरुस्त करण्याच्या एका कार्यशाळेत मी मदतनीस होते. तिथले प्रमुख तैलचित्रांचे जाणकार होते आणि हात सोन्याचा होता, हे आजही म्हणेन. एकदा त्यांच्याकडे एक जुनं कापड आलं: बसलेली एक स्त्री, डोक्यावर पांढरं वस्त्र, मागे टेकड्या आणि वर फिकट आभाळ. रंग कोरडा, खडूसारखा. कुठेही चकाकी नाही. विणीचा प्रत्येक धागा दिसत होता आणि कापड उलटं केलं तर चित्राची सावली मागच्या बाजूलाही उतरलेली होती. अस्तराचा जाड थर नव्हता, रंग थेट धाग्यांत मुरलेला होता. चौकटीखाली झाकलेल्या कडेला कापसाच्या बोळ्याचं ओलसर टोक जेमतेम टेकवलं, तर रंग लगेच बोळ्यावर आला. म्हणजे पाण्यात विरघळणारा बाइंडर, रंगाचे कण धरून ठेवणारा चिकट पदार्थ. बाकीच्या लक्षणांवरून तो सरसच होता.

ते म्हणाले, "चित्र मेलंय. व्हार्निशचा एक हात दिला की उठेल."

मी म्हणाले, "सर, हे कधीच व्हार्निश केलेलं नाही. ते असंच दिसावं म्हणून केलंय."

त्यांनी कोपऱ्यात थोडं व्हार्निश लावून दाखवलं. आभाळाचा तेवढा तुकडा ओल्या मातीसारखा गडद झाला. "बघ, रंग कसा खुलला!" मालकही शेजारी उभे होते, त्यांनाही तो गडदपणा आवडला. मी पुन्हा सांगितलं की हे परत काढता येणार नाही. त्यावर ते म्हणाले, "तेल परवडत नव्हतं म्हणून हे लोक सरस वापरायचे. आपण त्यांचं राहिलेलं काम पुरं करतोय." आणि सगळ्या चित्राला व्हार्निश लागलं.

नंतर काय झालं ते नीट सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. सरसाच्या रंगात बाइंडर अगदी कमी असतो. पाणी उडून गेलं की रंगद्रव्याच्या कणांमध्ये हवा राहते. त्या हवेमुळे प्रकाश विखुरतो आणि रंग उजळ, मऊ, बिनचकाकीचा दिसतो. खडूची पांढरी पूड सरसात पांढरी दिसते ती त्यामुळेच. तीच पूड तेलात कालवली की जवळजवळ पारदर्शक, मळकट होते. व्हार्निश त्या हवेची जागा घेतं. त्या स्त्रीच्या डोक्यावरचं पांढरं वस्त्र राखाडी झालं आणि त्यातून कापडाचे तपकिरी धागे दिसायला लागले. गालांवरचा पातळ गुलाबी रंग नाहीसाच झाला. टेकड्या एकमेकींत मिसळल्या. सर त्याला 'खोली' म्हणत होते. वरवरचं व्हार्निश द्रावकाने पुसता येतं, पण जे कणांच्या आणि धाग्यांच्या मध्ये शिरलं ते तिथेच राहतं. आणि पाण्याने धुवायला जावं तर चित्रच निघून येतं.

हे एका कार्यशाळेपुरतं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने २०१० साली ब्रूगेलचं सेंट मार्टिनच्या सणाचं मोठं कापड जाहीर केलं. पावणेतीन मीटरच्या आसपास रुंद आणि पिंपाभोवती दारूसाठी झोंबणारी माणसं. त्यावरही नंतर कोणीतरी व्हार्निश चढवलं होतं आणि ते काढणं हेच मोठं काम होऊन बसलं. इंग्लंडमधल्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातली मान्तेन्याची सीझरच्या विजययात्रेची नऊ चित्रं घ्या. पाण्यात कालवलेल्या रंगांची ती कापडं आधी तेलात पुन्हा रंगवली गेली, मग १९३० च्या दशकात त्यांत पॅराफिन मेण जिरवलं गेलं. १९६० च्या दशकात सफाई सुरू झाली तेव्हा सातव्या चित्रात वाचवण्यासारखं मूळ काही उरलेलं नाही असं दिसलं आणि ते तसंच सोडलं गेलं. अशी चित्रं बघून आपण ठरवतो की सरसाचे रंग निस्तेज असतात!

मुळात ते कसे दिसत होते याचा पुरावा बाउट्सच्या त्याच चित्रात आहे. कापडाची वरची कड बराच काळ चौकटीखाली झाकलेली होती. बाकीचं आभाळ धुळीने आणि उजेडाने करडं-पिवळट झालंय, पण त्या पट्टीत मूळचा निळा शिल्लक आहे. अझुराइटसारखी भरड दळलेली निळी रंगद्रव्यं सरसात निळीच राहतात. तेलात ती हिरवट किंवा काळपट दिसायला लागतात. लाजवर्दाचंही तेच. ज्याला निळं आभाळ हवं होतं त्याने सरस निवडला, यात कसली नाइलाजाची गोष्ट?

तरी युरोपात ही पद्धत मागे पडली, हे खरं आहे. माझ्या मते कारणं तीन. एक, तेल कापडावर चालायला लागलं. आधी तेल म्हणजे लाकडी फळी. दमट व्हेनिसमध्ये कॅनव्हासवरचं तेल रुजलं आणि गुंडाळून नेता येणं हा सरसाच्या कापडाचा मोठा फायदा तेलालाही मिळाला. दोन, बाजार. ब्रूजमध्ये कापडावर रंगवणाऱ्यांचा वेगळा गट होता. त्यांनी तेल वापरायचं नाही, असा तिथल्या चित्रकारांच्या व्यवसाय-संघाचा नियम होता आणि त्यावरून फळीवाल्या चित्रकारांशी भांडणं होत. मेखेलेन तर या कामाचं गावच. तिथल्या हान्स बोलची कापडी चित्रं लोक विकत घेत आणि सर्रास नकला काढून विकत, म्हणून वैतागून तो चर्मपत्रावरच्या लहान चित्रांकडे वळला, असं कारेल व्हान मांडरने १६०४ च्या आपल्या ग्रंथात लिहिलंय. तीन, आणि हे सगळ्यात मोठं: ही चित्रं टिकली नाहीत. भिंतीवर उघडी टांगलेली, काच नाही, ओल लागली की रंग सुटला.

जर्मनीतल्या झिट्टाऊचं पडदाचित्र घ्या, ईस्टरआधीच्या उपवासकाळात चर्चमध्ये टांगायचं. १४७२ चं, ८ मीटरहून उंच, नव्वद प्रसंग रंगवलेले. १९४५ मध्ये सैनिकांनी ते फाडून जंगलातल्या वाफेच्या न्हाणीघराला आतून लावलं. वाफेने जे व्हायचं तेच झालं, कितीतरी प्रसंग पुसट झाले. स्वित्झर्लंडमध्ये दुरुस्ती होऊन ते आज एका जुन्या चर्चमध्ये भल्यामोठ्या काचेच्या पेटीत उभं आहे. दोनशे वर्षं वापरात राहिलेलं आणि नंतर एवढं सोसलेलं कापड अजून वाचता येतं. त्याला दुबळं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

शिवाय 'मागे पडली' हा प्रश्नच युरोपपुरता आहे. तिबेटी थांग्का बघा: सुती कापड, त्यावर सरस आणि खडूचं किंवा पांढऱ्या मातीचं अस्तर, दगडाने घोटून गुळगुळीत केलेलं, वर सरसात कालवलेली खनिज रंगद्रव्यं. आजही तसंच करतात. चीनमधल्या तुनह्वांगच्या गुहेत १९०० साली सापडलेली रेशमावरची बौद्ध चित्रं याच घराण्यातली. कातड्याच्या सरसाची कृती आपल्याकडे चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात आहे. म्हशीचं कातडं लोण्यासारखं मऊ होईपर्यंत पाण्यात उकळायचं, त्याच्या कांड्या करून वाळवायच्या. नाव वज्रलेप. तिथे तो भिंतीसाठी सांगितलाय, पण पदार्थ तोच. इटलीत चेन्निनो चेन्निनीने १४०० च्या सुमारास बकऱ्याच्या तोंडापायांच्या तुकड्यांचा सरस सांगितला. तो थंडीवाऱ्याच्या जानेवारीत किंवा मार्चमध्येच करावा असंही बजावलं, कारण उष्म्यात तो सुकायच्या आधी नासतो.

आणि युरोपातही तो संपला नाही, रंगभूमीवर गेला. नाटकाच्या पडद्यावर चकाकी चालत नाही, दिव्यांचा उजेड उसळतो. एदुआर व्यूयार पॅरिसच्या रंगभूमीसाठी पडदे रंगवता रंगवता हे तंत्र शिकला आणि १८९४ मध्ये 'सार्वजनिक बागा' ही नऊ मोठी पॅनेलं त्याने सरसाच्या रंगातच केली. त्यांतली पाच ऑर्से संग्रहालयात आहेत. पिकासोने १९१७ साली 'परेड' या बॅलेसाठी केलेला पडदा साडेदहा मीटर उंच, सोळा मीटरहून रुंद, आणि तोही सरसाच्या रंगात. यांनाही तेल परवडत नव्हतं का?

आता दुसरी बाजूही मांडायला हवी. स्वस्तपणा हे कारण खोटं नाही. इंग्लंडमध्ये रंगवलेली कापडं महागड्या विणलेल्या भिंतपडद्यांच्या जागी टांगली जात, आणि त्यांतलं पुष्कळ काम घाईचं आणि साधारणच असणार. संग्रहालयाच्या पाटीवर नुसतं 'टेम्परा' लिहिलेलं असेल तर सरस, अंडं आणि डिंक यांपैकी काय ते तपासणीशिवाय कळत नाही, त्यामुळे मी वर घेतलेल्या प्रत्येक चित्राचं माध्यम सारख्याच खात्रीचं नाही, विशेषतः सीझरवाली मालिका. आणि मेण जिरवणाऱ्यांपुढे कधी कधी रंगाचे पोपडे गळत असलेलं चित्र असायचं, हातात दुसरा उपाय नसायचा. त्यांना मी दोष देत नाही. धडधाकट चित्राला केवळ चमक यावी म्हणून व्हार्निश लावणं ही वेगळी गोष्ट आहे.

आता करून बघण्याबद्दल. कातड्याचा सरस घ्या. एक भाग सरस, साधारण दहा ते बारा भाग पाणी, रात्रभर भिजवा. सकाळी भांडं गरम पाण्यात ठेवून विरघळवा, उकळू देऊ नका, उकळला की चिकटपणा जातो. गार झाल्यावर बोटाने सहज तुटेल इतपत मऊ जेली व्हायला हवी. घट्ट रबरासारखी झाली तर पाणी वाढवा, नाहीतर रंग ताणून सालपटं निघतील. कापडाला हाच सरस आणखी पातळ करून एकदा द्या. रंगद्रव्य आधी नुसत्या पाण्यात वाटून घ्या, मग कोमट सरस मिसळा. काम करताना वाटी कोमट ठेवावी लागते. ओला रंग वाळल्यावर फारच उजळतो, म्हणून प्रत्येक मिश्रणाचा ठिपका कापडाच्या तुकड्यावर वाळवून मगच लावा. दुसरा हात देताना खालचा विरघळतो, तेव्हा एकदाच, भरल्या ब्रशने लावा आणि घासू नका. छटा हव्या असतील तर बारीक रेघांनी करा.

चित्र झालं की काचेखाली ठेवा, काच कापडाला टेकू देऊ नका. कोणी "वरून थोडं व्हार्निश मार, रंग खुलतील" म्हणालं, तर त्याच रंगात रंगवलेला एक फालतू तुकडा त्यांच्या हातात द्या, त्यावर लावायला सांगा आणि दोन्ही शेजारी ठेवून पांढरा रंग बघायला सांगा.