पोस्टर स्वीकारलं गेलं, पण परवानगीची फाईल हलत नाही: माझा अनुभव

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. परदेशातल्या सार्वजनिक आरोग्य परिषदेत तुमचं पोस्टर (संशोधन मांडणारा फलक) स्वीकारलं गेलंय, सवलतीच्या शुल्काची मुदत तोंडावर आलीय, शिष्यवृत्तीचा निकाल त्यानंतर लागणार आणि तुमच्या कार्यालयातून ‘फाईल प्रक्रियेत आहे’ यापलीकडे काही कळत नाही. त्यात तुम्ही विचारताय, हे सगळं सोडून सरळ एखादं प्रशिक्षणच करावं का. यातलं बरंचसं माझ्याही वाट्याला आलंय, म्हणून सविस्तर लिहितो. अ‍ॅबस्ट्रॅक्ट (संशोधनाचा सारांश) कसा लिहावा, नोंदणी कशी करावी हे तुम्हाला येतंच, ते सोडून देतो.

माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते परवानगीच्या फाईलनं. मी तेव्हा जिथे नोकरीला होतो (नाव घेत नाही) तिथल्या आस्थापना शाखेला परवानगीआधी व्हिसा पाहायचा होता आणि व्हिसाच्या अर्जाला त्याच शाखेचं ना हरकत प्रमाणपत्र लागत होतं. आयोजक निमंत्रणपत्र देणार, पण पूर्ण शुल्क भरल्यावरच. खर्चाला मंजुरी परवानगीशिवाय नाही. शेवटी शुल्क मी खिशातून भरलं. चौकशीला गेलं की एकच उत्तर: साहेबांच्या टेबलावर आहे. फाईल परत आली ती एका ओळीच्या शेऱ्यासह: ‘निमंत्रणपत्रातील नाव सेवापुस्तकातील नावाशी जुळत नाही.’ पत्रात पासपोर्टप्रमाणे आडनाव आधी होतं, सेवापुस्तकात शेवटी. बस, एवढंच. हाच शेरा पहिल्या आठवड्यात मिळाला असता तर आयोजकांनी एका ईमेलवर दुरुस्त पत्र पाठवलं असतं. मिळाला तेव्हा व्हिसासाठी घेतलेली तारीख उलटून गेली होती. शुल्क परत मिळालं नाही, पण त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. ज्या कर्मचाऱ्यांनी घरोघरी फिरून आमच्या पोस्टरमधली माहिती गोळा केली होती, त्यांचं काम प्रथमच बाहेर दिसणार होतं, आणि कार्यक्रमपत्रिकेत आमच्या पोस्टरच्या क्रमांकापुढे ‘मागे घेतले’ असं छापून आलं. आम्ही काहीही मागे घेतलं नव्हतं!

त्यामुळे माझं ठाम मत झालंय की परवानगीचा अर्ज अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवला त्याच दिवशी द्यावा, स्वीकृतीची वाट पाहू नये. ‘निवड झाल्यास जाण्यास परवानगी मिळावी’ अशा शब्दांत देता येतो. तुमच्या बाबतीत ती वेळ गेली, तेव्हा आता एक लेखी पत्र द्या: या प्रकरणी आणखी कोणकोणते कागद लागतील ते एकाच वेळी कळवावे. आवक क्रमांक घ्या, पोचेची प्रत जपून ठेवा. तोंडी चौकशीला कोणी बांधील नसतं, आवक क्रमांकाला थोडं तरी असतं. प्रत्येक संस्थेचे नियम वेगळे, हे मात्र धरून चला.

आयोजकांनाही आजच लिहा. दोनच गोष्टी विचारा. शिष्यवृत्तीचा निकाल लागेपर्यंत सवलतीचा दर धरून ठेवाल का, आणि शुल्क भरण्याआधी अ‍ॅबस्ट्रॅक्ट स्वीकारल्याचं, सादरकर्त्याच्या नावाचं पत्र द्याल का. जाहिरातीत लिहिलेलं नसलं तरी विचारल्यावर पुष्कळ जण देतात. सगळेच देतील असं नाही. शिष्यवृत्ती ‘पूर्ण’ असली तरी तिकिटाचे पैसे आधी मिळणार की परत आल्यावर, हेही स्पष्ट करून घ्या. व्हिसा नाकारला गेला तर शुल्क परत मिळतं का, याचं कलम पैसे भरण्याआधी वाचा. व्हिसाच्या नियमांबद्दल मात्र माझ्यावर विसंबू नका, संबंधित दूतावास सांगेल तेच खरं.

आणि हे सगळं होऊनही व्हिसा आला नाही, तर स्वतःला दोष देऊ नका. २०२२ मध्ये मॉन्ट्रियलला आंतरराष्ट्रीय एड्स परिषद भरली, तेव्हा विशेषतः आफ्रिकेतले कितीतरी प्रतिनिधी व्हिसा नाकारल्यामुळे किंवा वेळेत न मिळाल्यामुळे पोचू शकले नाहीत आणि उद्घाटनालाच त्याचा निषेध झाला. त्याच्या खूप आधी, १९९२ ची हीच परिषद बोस्टनमध्ये व्हायची होती. एचआयव्हीबाधितांना अमेरिकेत प्रवेशबंदी होती म्हणून ती अ‍ॅमस्टरडॅमला हलवावी लागली. बंदी उठली २०१० मध्ये आणि त्यानंतर २०१२ ची परिषद वॉशिंग्टनला झाली. ज्यांच्या आरोग्याबद्दल बोलायचं त्यांनाच दारात अडवायचं, याचा मला आजही मनस्वी राग येतो. आयोजकांनी जागा निवडतानाच व्हिसाचा विचार करायला हवा.

एक खबरदारी, कदाचित तुम्हाला गरज नसेल. ‘तुमच्या थोर कार्याने प्रभावित होऊन’ अशी सुरुवात करून प्रमुख वक्ते म्हणून बोलावणारे ईमेल सरळ काढून टाका. अशा परिषदाही घेणाऱ्या एका प्रकाशन कंपनीला अमेरिकेतल्या न्यायालयानं २०१९ मध्ये ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरायचा आदेश दिला. संमती न दिलेल्या संशोधकांची नावं परिषदेच्या जाहिरातीत वापरणं, हाही आरोपांचा भाग होता. आयोजन समितीतल्या एका-दोघांना थेट विचारलं की खरंखोटं लगेच कळतं.

आता परिषद की प्रशिक्षण. माझं मत अनेकांना पटणार नाही. साथरोग सर्वेक्षणाचं काम करणाऱ्यानं आधी प्रशिक्षण घ्यावं. फील्ड एपिडेमिऑलॉजीचे, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर जाऊन साथीचा शोध घ्यायला शिकवणारे प्रशिक्षण कार्यक्रम, ज्यांना इंग्रजी आद्याक्षरांवरून एफईटीपी म्हणतात, त्यांचा बहुतेक वेळ प्रत्यक्ष कामातच जातो. ज्याच्या धर्तीवर ते उभे राहिले तो अमेरिकेतला ईआयएस (एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस) कार्यक्रम अलेक्झांडर लँगमुर यांनी १९५१ मध्ये सुरू केला, थायलंडचा एफईटीपी १९८० पासून आहे. प्रगत अभ्यासक्रम दोन वर्षांचा, पण काही महिन्यांचा प्राथमिक स्तरही असतो आणि तो नोकरी सांभाळून करता येतो. घरबसल्या हवं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहेत. ते माहितीसाठी उत्तम. पण उद्रेकाची प्रश्नावली कशी बनवायची, रुग्णांची यादी तारखेप्रमाणे लावून आलेख कसा काढायचा, हे कोणीतरी शेजारी बसून चुका दाखवल्याशिवाय येत नाही.

मग परिषदेला जाऊच नये का? जावं. पण मोठ्या सभागृहातल्या भाषणांसाठी नको, ती बहुधा नंतर ऑनलाइन पाहता येतात. परिषदेच्या आदल्या दिवशीच्या कार्यशाळा पाहा. जागा थोड्या असतात, शुल्क अनेकदा वेगळं असतं, पण शिकायला मिळतं ते तिथे. आणि पोस्टरच्या तासाला आपल्या पोस्टरपाशी उभे राहा, चहाला जाऊ नका. तुमच्याच विषयावर काम करणारा माणूस तेव्हाच येऊन थांबतो. पोस्टर कापडावर छापून घ्या, घडी करून हातातल्या बॅगेत बसतं. उभं की आडवं हे सूचनांमध्ये आधी वाचा.

अजून एक, आणि हे आजच करा. सहलेखकांपैकी ज्याला तिथे जाण्यात व्हिसाची अडचण नाही, त्याचं नाव पर्यायी सादरकर्ता म्हणून आयोजकांना कळवून ठेवा. तसा कोणी नसेल तर पोस्टर ऑनलाइन लावण्याची सोय आहे का ते विचारा. मुदतीआधी कळवलं तर सहसा मान्य करतात, मुदतीनंतर कार्यक्रमपत्रिका छपाईला गेलेली असते.