सासूबाईंची बोटं विड्या वळतायत

प्रश्न : ताई, आम्ही साखर पेठेत राहतो. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, उभा जन्म विड्या वळण्यात गेला. शुगरची गोळी चालू आहे. रविवारपर्यंत स्वतः उठून तोंड धुवायच्या, कडक भाकरी आमटीत कुस्करून खायच्या. आता तीन दिवस झाले, दिवसभर गुंगीत पडून असतात, दोन घासांवर तिसरा घेत नाहीत. रात्री मात्र जाग्या होऊन वारलेल्या सासऱ्यांना हाका मारतात, मराठी सोडून तेलुगूच बोलतात आणि बोटं हवेतच विडी वळल्यासारखी चालतात. दोनदा अंथरुणात लघवी झाली. ताप नाही, खोकला नाही. नवरा म्हणतो, वय झालं. शेजारच्या काकू म्हणतात, बाहेरचं बघून घ्या. मी उगाच घाबरतेय का? – एक सून

उत्तर : नाही हो, उगाच नाही. पत्र वाचल्या वाचल्या तुम्हाला फोन करून ‘आजच्या आज दवाखान्यात न्या’ म्हटलंच आहे. इथे लिहितेय ते ज्यांच्या घरात असंच चाललंय त्यांच्यासाठी.

तुमच्या यजमानांना सांगा, वय तीन दिवसांत होत नाही. विसरभोळेपणाचा आजार महिनोन् महिने हळूहळू चढतो. दोन-चार दिवसांत माणूस असं बदललं, कधी शुद्धीत तर कधी भ्रमात, तर त्यामागे शरीरातलं काहीतरी बिघडलेलं असतं. डॉक्टर याला ‘डिलिरियम’ म्हणतात. लघवीतलं इन्फेक्शन, न्यूमोनिया, अंगातलं पाणी किंवा मीठ कमी होणं, साखर घसरणं, चार दिवस पोट साफ नसणं, अगदी सर्दीची साधी गोळीसुद्धा याला पुरते. बोटांनी जुनं काम करत राहणं हेही त्यातलंच. काकूंना बाहेरचं दिसलं ते हेच.

आणि ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका. थकलेल्या शरीराला ताप चढवायचंही बळ नसतं. ज्यांचं रोजचं अंग ९७ असतं, त्यांना ९९ म्हणजे तापच समजा. या वयात कधी कधी न्यूमोनियात खोकला नसतो, हार्ट अटॅकमध्ये छाती दुखत नाही, नुसता दम लागतो किंवा माणूस गळून जातं. माझे सासरे दोनदा न्हाणीघरात पडले तेव्हा आम्ही फरशीला दोष दिला, नवी चप्पल आणली. छातीत कफ भरलाय हे पाचव्या दिवशी कळलं. त्या चपलेचा मला अजून राग येतो.

म्हणून डॉक्टरांसमोर ‘जेवत नाहीत, अशक्त झाल्यात’ एवढंच सांगू नका. त्यांनी तुमच्या सासूबाईंना आज पहिल्यांदा पाहिलंय. त्यांना वाटेल, या अशाच असतात. ‘रविवारी स्वतः चालत होत्या, सोमवारपासून ओळखत नाहीत’ असं वारासकट सांगा. गोळ्यांची पिशवी आख्खी न्या, मेडिकलवाल्याने दिलेलीही. जेवण बंद आणि शुगरची गोळी चालू, हे तर पहिल्या वाक्यात सांगा, कारण साखर तिथल्या तिथे तपासता येते. पुढची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. रात्री शांत झोपाव्यात म्हणून कुणी झोपेची गोळी सुचवली तर तीही नको, त्याने भ्रम वाढतो.

निघण्याआधी एक करा. त्या निवांत पडल्या असताना पदराची हालचाल बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. २५ किंवा जास्त भरले, हाक मारून जागच येईना, तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूचा हात उचलेना, तर रिक्षा शोधत बसू नका, १०८ ला फोन करा.

दवाखान्यात सासूबाईंचा चष्मा आणि कवळी बरोबर ठेवा. कानाचं मशीन असेल तर तेही. दिसेना-ऐकू येईना की भ्रमात भर पडते. सासऱ्यांना हाका मारतील तेव्हा ‘ते गेले हो’ म्हणून दर वेळी नव्याने रडवू नका. हात हातात घ्या, आणि तुम्हाला येत असेल तेवढं तेलुगूतच बोला.