सांगलीहून सिंधुदुर्गात जत्रेचा दशावतार (देवळापाशी रात्रभर चालणारं लोकनाट्य) बघायला जायचंय. मासे काय, कधी आणि कसे खावेत?

सुरमई आणि पापलेट यादीतून काढून टाका, मग बाकीचं सोपं होतं. हे दोन्ही मासे बर्फात बरे टिकतात, म्हणूनच ते सांगली-मिरजेच्या बाजारापर्यंत येतात. जवळपास दोनशे किलोमीटर जाऊन, घाट उतरून, तेच जास्त पैसे देऊन खाण्यात मला अर्थ दिसत नाही. जे घाट चढून आपल्याकडे येत नाही किंवा येईपर्यंत त्याची चव उतरते, ते तिथे खा. म्हणजे तारली, पेडवे, मुडदुशे हे छोटे मासे, कालवं आणि तिसऱ्या (दोन्ही शिंपल्यातली), जिवंत कुर्ल्या (खेकडे) आणि त्याच दिवशी जाळ्यात आलेला बांगडा. दशावताराचा हंगाम कार्तिकापासून उन्हाळ्यापर्यंत चालतो आणि पावसाळी मासेमारीबंदी त्याच्या बाहेर पडते, त्यामुळे मासळीची अडचण सहसा येत नाही.

तुम्ही लिहिलंय की चौघे आहात, स्वतःची गाडी आहे, मुक्काम एकच रात्र आणि जत्रा कुडाळच्या बाजूची, त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराची. त्या हिशेबाने सांगतो.

मासे दुपारी खायचे, रात्री नाही. जत्रेच्या दिवशी त्या गावात बऱ्याच घरी उपास किंवा शाकाहार असतो, देवळाच्या आवारात तर मासे मिळणारच नाहीत. रात्री पालखीची प्रदक्षिणा झाल्यावर, म्हणजे बहुतेक ठिकाणी मध्यरात्रीच्या आसपास किंवा नंतर, नाटक उभं राहतं. आधी आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग असतो: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासुर. मग आख्यान, म्हणजे पुराणातली मुख्य कथा, ते पहाटेपर्यंत, आणि शेवटी दहीकाला. पोटात तळलेले चार बांगडे घेऊन एवढा वेळ जमिनीवर मांडी घालून बसवत नाही. रात्री जत्रेतली भजी, खाजं आणि चहा पुरतो.

(सांगलीकरांनी आडदशावतार चुकवू नये असं माझं मत. विष्णुदास भावेंनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, त्यातही आधी गणपती आणि सरस्वती रंगमंचावर येत. 5 नोव्हेंबरचा रंगभूमी दिन त्याचाच. 2025 साली त्रिपुरी पौर्णिमाही नेमकी त्याच तारखेला होती.)

सकाळी सहाला सांगली सोडा. कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली असं उतरलात तर बाराच्या सुमारास मालवणात पोचता. गगनबावड्याकडूनही उतरता येतं, पण निघण्याआधी घाट चालू आहे का ते विचारून घ्या. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडची जत्रा असेल तर गडहिंग्लज, आजरा, आंबोली बरं. घाटाआधी नाश्ता हलका ठेवा, कोल्हापुरात मिसळ हाणून वळणं घेतली की दुपारच्या ताटाची वाट लागते.

जेवणासाठी मोठ्या पाटीच्या हॉटेलापेक्षा घरगुती खानावळ निवडा आणि सकाळी नऊ-दहाच्या आत फोन करा. किती माणसं ते सांगा आणि मेनू न विचारता ‘आज मासळी काय गावली?’ एवढंच विचारा. या एका प्रश्नावर समोरचा माणूस खरं उत्तर देतो, कारण मग काल उरलेलं खपवायची त्याला गरज राहत नाही. दुपारी तीननंतर बऱ्याच घरगुती स्वयंपाकघरांत चूल विझलेली असते. मोठ्या माशाचा दर बाजाराप्रमाणे बदलतो, तो ताट मांडण्याआधी विचारायला लाजू नका.

चौघांसाठी मी असं सांगेन: प्रत्येकी एक तळलेला बांगडा, मध्ये मुडदुश्यांची एक ताटली, तिसऱ्यांचं सुकं आणि तारली किंवा बांगड्याचं तिरफळ (मसाल्यातलं झणझणीत फळ) घातलेलं तिखलं (आंबट-तिखट कालवण). सोबत उकड्या तांदळाचा भात, सोलकढी शेवटी. मुडदुसा पातळ, मऊ मासा, त्याला जाड रव्याचं आवरण घातलं की आत मासा आहे की नाही तेच कळत नाही. तांदळाच्या पिठात, नाहीतर पीठ जास्त आणि रवा नावाला असं तळायला सांगा. तिरफळ चावायचं नाही, ते कडेला काढून ठेवायचं. चावलंत तर जीभ बधिर होते आणि पुढचे चार घास वाया जातात.

पौर्णिमेचा एक फायदा आहे. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी खूप आत जाते, खडक आणि खाडीचा तळ उघडा पडतो, त्यामुळे कालवं आणि तिसऱ्या काढायला सोपं जातं. कुर्ल्यांचं उलट सांगतात, पौर्णिमेची कुर्ली पोकळ आणि अमावास्येची भरलेली. त्यावर वाद घालण्यापेक्षा कुर्ली हातात घेऊन बघा. आकाराच्या मानाने जड लागली पाहिजे आणि पोटाकडचं कवच अंगठ्याने दाबलं तर दबता कामा नये. दबलं म्हणजे नुकतीच कात टाकलेली, आत पाणी जास्त. मेलेली कुर्ली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. तिसऱ्यांचं तसंच: उघडी शिंपली टिचकी मारल्यावर मिटली पाहिजे, आणि शिजवल्यावर जी उघडत नाही ती टाकून द्यायची. वाळू कचकचली तर त्या मिठाच्या पाण्यात पुरेशा ठेवल्या नव्हत्या एवढाच अर्थ.

नाटक पहाटे संपतं आणि रापण ओढायची वेळ बहुधा सकाळची, हा योग सोडू नका. रापणीत होडीने अर्धगोल जाळं टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. मालवण, तारकर्ली, वेंगुर्ला, शिरोडा, या पट्ट्यात कुठे ओढणार ते आदल्या संध्याकाळी विचारून ठेवा. दोरांच्या मध्ये उभं राहू नका. तिथे माल ढिगाने विकला जातो, तुम्हाला किलो-दोन किलो हवे असतील तर शेजारी बसलेल्या मासेवालीकडून घ्या. त्या दिवशी सोमवार, गुरुवार किंवा शनिवार आला तर गिऱ्हाईक कमी आणि भाव थोडा नरम, मार्गशीर्षात तर आणखी.

बांगड्याचं पोट बघा. डोळे आणि लाल कल्ले सगळेच बघतात, पण बांगडा-तारलीचं आधी पोटच सैल पडतं आणि फुटतं. बोट दाबून खळगा राहिला तर पुढे व्हा. कोळंबीचं डोकं काळं पडलेलं किंवा लोंबणारं नको. मोरीला (लहान शार्क) अमोनियाचा उग्र वास आला की ती शिळी, कितीही धुतली तरी वास शिजवल्यावर परत वर येतो.

आता सांगलीला परत आणण्याबद्दल, कारण खरा घोळ इथेच होतो. बांगडा उबेत राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते उकळून, तळून जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड चुरचुरतं, चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, अंगावर पित्त उठतं. लोक म्हणतात मासा बाधला. खरं तर डिकीत पिशवीत ठेवलेल्या पाच-सहा तासांनी बाधलेलं असतं. तिथेच कल्ले आणि आतडी काढून घ्या, किलोला किलो बर्फ, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ-मासे-बर्फ असे थर, खाली भोक पाडून वितळलेलं पाणी खालच्या ट्रेमध्ये जाऊ द्या. मासे त्या पाण्यात तरंगले की मऊ पडतात. कुर्ल्या मात्र बर्फात किंवा बंद डब्यात नाही, नांग्या बांधून ओल्या गोणपाटात, हवा लागेल अशा. वाटेत मेलेली असेल ती टाका.

घरी तिखलं करायचं तर आपला कांदा-लसूण मसाला डब्यातच राहू द्या, त्याने बांगड्याचं मटण होतं. चार मध्यम बांगड्यांना अर्ध्या नारळाचं खोबरं, भिजवलेल्या आठ-दहा ब्याडगी मिरच्या, चमचाभर धणे, अर्धा चमचा हळद गुळगुळीत वाटा. काळं बी काढून आठ-दहा तिरफळं जराशी ठेचून घ्या, वाटू नका, वाटली की कडवट होतात. वाटण थोड्या पाण्यात, मीठ आणि चार-पाच आमसुलं घालून उकळवा, मग बांगड्याचे तुकडे आणि तिरफळं टाकून सहा-आठ मिनिटं मंद आच. चमचा घालू नका, भांडंच धरून फिरवा, नाहीतर तुकडे मोडतात. भांडं स्टीलचं किंवा मातीचं, अॅल्युमिनियमच्या भांड्याला आमसुलाचं आंबट लागतं. वरून चमचाभर कच्चं खोबरेल, फोडणी नको.

परतीला गाडी कोण चालवणार ते आदल्या दिवशीच ठरवा. त्याने आख्यान अर्ध्यावर सोडून चार-पाच तास झोपायचं. फोंडा घाट चढल्यावर लागणाऱ्या दाजीपूरच्या जंगलपट्ट्यात अंधार पडल्यावर रस्त्यावर गवे येतात, म्हणून दुपारी दोनच्या आत कणकवली सोडलेली बरी. खोक्यातला बर्फ कणकवलीत एकदा बघून घ्या, कमी वाटला तर तिथेच भरा.