त्रास नसताना पक्षाघाताची तपासणी कशासाठी?

प्रश्न : माझे वय 58 आहे. रक्तदाबाची गोळी नियमित घेतो, त्रास काहीही नाही. तरीही आमच्या डॉक्टरांनी पक्षाघात-प्रतिबंध कार्यक्रमात माझे नाव घातले असून दर काही आठवड्यांनी बोलावले आहे. याची खरोखर गरज आहे का? त्यापेक्षा रोज अॅस्पिरिन घेतली तर चालणार नाही का?

उत्तर : वाढलेला रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे वर्षानुवर्षे नुकसान करीत राहतो, त्यामुळे त्रास नसणे हा येथे पुरावा धरता येत नाही. वरचा रक्तदाब 10 अंकांनी उतरला, तर पक्षाघाताचा धोका साधारण एक चतुर्थांशाने घटतो. मात्र गोळी चालू असणे वेगळे आणि रक्तदाब आटोक्यात असणे वेगळे.

दवाखान्यात एरवी समोर आलेल्या रुग्णाचीच तपासणी होते. जो आला नाही, त्याची आठवण कुणाला राहत नाही. प्रतिबंध कार्यक्रमाचा खरा कणा म्हणजे न आलेल्यांनाही शोधून काढणारी नोंदवही. उत्तर कॅलिफोर्नियातील कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेने अशी नोंदवही ठेवली, उपचारांचे टप्पे ठरवून दिले आणि औषध बदलल्यानंतर दोन ते चार आठवड्यांत सहायकांकडून फेरमोजणी सुरू केली, तेव्हा 2001 मध्ये रक्तदाब आटोक्यात असलेल्या रुग्णांचे सुमारे 44 टक्के असलेले प्रमाण 2009 पर्यंत 80 टक्क्यांवर गेले. आपल्याला वारंवार बोलावणे यासाठीच आहे.

या भेटींत साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखूची चौकशी होईलच. आपण नाडीही तपासून घ्यावी. एट्रियल फिब्रिलेशन या विकारात हृदयाचे ठोके अनियमित पडतात आणि पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. तेथे वॉरफरिनसारखी गुठळीरोधक औषधे तो जवळजवळ दोन तृतीयांशाने कमी करतात. अॅस्पिरिन त्यांची जागा घेऊ शकत नाही.

अॅस्पिरिन स्वतःच्या मनाने सुरू करू नये. पूर्वी हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेलेल्यांना तिचा उपयोग होतो. इतरांच्या बाबतीत रक्तस्रावाचा धोका बहुधा फायद्याला खाऊन टाकतो, असे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत दिसले.

एक गोष्ट मात्र पुढच्या तारखेपर्यंत थांबवू नये. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे असे काही अचानक झाले, तर ते काही मिनिटांत पूर्ण ओसरले तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.