विलापही त्याच बोलीत

प्रिय मुली,

तुझ्या संगीतिकेची संहिता वाचली. बंबैया बोलीतला पहिला अंक झकास. हमाल, टॅक्सीवाला, कोळीण, सगळ्यांचा कोरस ठसक्यात उतरलाय. मग दुसऱ्या अंकात मुलगा गेल्यावर आई एकाएकी शुद्ध हिंदीत कशी रडायला लागली? 'हे पुत्र' म्हणे! फोनवर म्हणालीस, "बाई, त्या बोलीत दुःख हलकं वाटतं, लोक हसतील." हसू देत. विलाप त्याच बोलीत हवा.

नायजेरियाचंच बघ. तिथे पाचशेच्या आसपास भाषा, कचेरीची इंग्रजी, आणि बाजारात, बसमध्ये सगळ्यांना चालते ती पिजिन, इंग्रजीवर बेतलेली मिश्र बोली. फेला कुटी या तिथल्या गायकानं ती गाण्यात आणली, कारण त्याला आपल्या योरुबा समाजाच्या पलीकडे पोचायचं होतं. बीबीसीनं तिच्यात बातम्या सुरू केल्या त्या 2017 साली. त्याच्या आधीच, 2015 मध्ये, हेलन पार्कर-जेन इसिबोर या गायिका-संगीतकार बाईनं लंडनमध्ये 'साँग क्वीन' हा पिजिन ऑपेरा केला. ऑपेरा, जिथे इटालियनचा तोरा! आणि तू दादरमध्ये बसून घाबरतेस?

आपली शकुंतला तरी कुठे संस्कृत बोलते? राजा बोलतो. आश्रमाचा निरोप घेताना तिच्या तोंडी प्राकृतच आहे. आधी संस्कृत शिकवून मग कुणी तिला रडवलेलं नाही.

तू खोडलेली ओळ बघ: 'मेरे को एक बार उसका मुँह देखने का था.' गाऊ नकोस, नुसती म्हण. 'एक बार'वर श्वास अडतो, 'था'वर आवाज खाली बसतो. चाल तिथेच पडलीय, उचल. तान घ्यायचीच तर 'देखने'वर. 'था'वर घेतलीस तर कान उपटीन.

मीही एक संगीतिका केली होती. एका संस्थेनं सांगितलं, नायिकेचं पद प्रमाण भाषेत करा, प्रयोग देतो. नाही केलं. प्रयोग मिळाले नाहीत. हट्टानं बुडवलं म्हणतात; म्हणोत. बुडालं ते पैशावाचून, बोलीनं नाही बुडवलं. खंत एकच, जिच्या गळ्यासाठी ते पद बांधलं ती पुढे गायचीच थांबली, आणि ध्वनिमुद्रण कुणाकडे नाही.

तेव्हा कोरसला बोली आणि आईला शुद्ध भाषा, हे मला चालणार नाही. रविवारी ये. पेटी मी काढून ठेवते. 'हे पुत्र'चं पान घरीच फाडून ये.

तुझी,
बाई