मनू, आपण नाचतो कशासाठी?

प्रिय मनू,

इथल्या एडिंबराच्या मंडळाच्या मंगळागौरीहून घरी येताना तू गाडीत विचारलंस, "आई, तुमच्या नाचाला परीक्षा नाही, ग्रेड नाही, बघायलासुद्धा कुणी नाही. सगळ्याजणी नुसत्या गोल गोल फिरता आणि दमता. मग नाचता कशासाठी?" मी "मजा येते म्हणून" एवढंच म्हणाले आणि तू खिडकीबाहेर बघायला लागलीस. मला ते लागलं. तू बॅलेच्या क्लासला आरशासमोर तास तास एकच पाऊल घोटतेस. नाचातलं तुला माझ्याहून जास्त कळतं, आणि तरी तुला आमच्या खेळात काही दिसलं नाही, याचं वाईट वाटलं. म्हणून लिहितेय. जोडाक्षरं अडली तर बाबांकडून वाचून घे.

वाईच्या घरी नलूमावशीच्या मंगळागौरी झाल्या तेव्हा मी तुझ्याहून लहान होते. लग्नानंतर पाच वर्षं, श्रावणातल्या मंगळवारी. पूजा कशी असायची ते मला धड आठवत नाही. आठवतं ते रात्रीचं. मटकीची उसळ आणि भाजणीचे वडे खाऊन झाले की पुरुष माडीवर जायचे, माजघरातलं सामान भिंतीला लागायचं, आणि दिवसभर ज्यांच्या तोंडून मोठ्यानं शब्द निघत नसे त्या बायका पदर खोचून उभ्या राहायच्या. कुणी सूप घ्यायचं, कुणी लाटणं. तेच सूप, तेच लाटणं, जे सकाळपासून हातातून सुटलेलं नसायचं. झिम्मा, पिंगा, कोंबडा, मग बसफुगडी. गाण्यांमधून सासूला, नणंदेला, नवऱ्याला काय काय ऐकवलं जायचं! आणि सासू तिथंच बसलेली असायची, हसत. इतर कुठल्याही दिवशी ते वाक्य उच्चारलं असतं तर घरात काय झालं असतं, कोण जाणे. तुझी आजी तेव्हा चाळिशीत होती. फुगडीत तिचा अंबाडा सुटला आणि ती तो न बांधता तशीच फिरत राहिली, हे मी पाहिलंय. माझी आई मला तशी पुन्हा फारशी दिसली नाही.

फुगडी एकटीला घालता येत नाही, हे तुझ्या लक्षात आलं का? हातांची अढी घालायची, पायांचे चवडे एकमेकींना भिडवायचे आणि मागे झुकायचं. तुझं वजन समोरचीनं पेललेलं, तिचं तू. चक्कर येऊ नये म्हणून तिच्या चेहऱ्याकडेच बघायचं, बाकी सगळं घर पुसून जातं. अशा वेळी बाहेरून बघणाऱ्याला काय दिसणार? तुमच्या शाळेत ख्रिसमसच्या आधी पीटीच्या तासाला 'स्ट्रिप द विलो' हा स्कॉटिश नाच शिकवतात ना, कोपरात कोपर अडकवून गरागरा फिरायचा? तो नाचून तू लालबुंद होऊन घरी आली होतीस आणि रात्री झोपेपर्यंत त्याबद्दलच बोलत होतीस. मला वाटतं, नलूमावशीला तो नाच पाच मिनिटांत जमला असता.

पण सगळं इतकं गोड नव्हतं, तेही तुला सांगायला हवं. आमच्या घरात काकीआजी होती, माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाची बायको. फार लवकर विधवा झालेली. मंगळागौरीची सगळी गाणी तिला पाठ. कुणी कडवं विसरलं की स्वयंपाकघरातून तिचा आवाज यायचा. पण तिला माजघरात कुणी बोलवत नसे, आणि तीही येत नसे. मी एकदा तुझ्या आजीला विचारलं, तर "तसं नसतं" एवढंच उत्तर मिळालं. आज इथं एडिंबराच्या हॉलमध्ये आम्ही सगळ्यांना बोलावतो, विधवा, घटस्फोटित, लग्न न केलेल्या, सगळ्यांना. तरी पिंगा घालताना मला ते स्वयंपाकघर आठवतंच.

हीच काकीआजी आषाढात एसटीनं लोणंदला जायची. माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते. एका वर्षी तिनं मला बरोबर नेलं. पुढं तरडगावच्या वाटेवर, चांदोबाच्या लिंबाजवळ, उभं रिंगण होतं. दोन बाजूंना दिंड्या आणि मधून धावणारे घोडे. घोडे गेले, टाळ-मृदंग टिपेला पोचले आणि वारकरी जागच्या जागी नाचायला लागले. एका अनोळखी बाईनं काकीआजीपुढे हात केले. काकीआजीनं पिशवी माझ्याकडे दिली आणि फुगडी घातली. साठी उलटलेली होती. मग दोघी एकमेकींच्या पाया पडल्या, "माउली" म्हणाल्या, आणि ती बाई गर्दीत निघून गेली. त्या बाईनं तिला सवाष्ण का विधवा हे विचारलंच नव्हतं. घरी आल्यावर काकीआजी त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही, मीही बोलले नाही.

तुझ्या प्रश्नाचं माझ्याकडे उत्तर असेल तर ते एवढंच आहे. मला नाच म्हटलं की तो हात पुढे येतो.

आणखी एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही. बाबांच्या गुहागरकडे गणपतीत पुरुष जाखडी नाचतात. मधे गाणारे आणि मृदंगवाला, भोवती गोल धरून नाचणारे, पायात चाळ. बाबांनी चाळ बांधले की तुझ्या आजोबांची मान ताठ व्हायची. आणि आमच्या वाईत यमुनाबाई वाईकर राहायच्या, लावणीतल्या फार मोठ्या कलावंत, कोल्हाटी समाजातल्या. त्या समाजात मुलीनं पायात चाळ बांधले की तिचं लग्न होत नसे, आणि तिच्या नाचावर सगळं घर जेवत असे. बैठकीची लावणी बसून करतात, मनू. एकच ओळ पुन्हा पुन्हा गायची आणि दर वेळी डोळ्यांनी, हातांनी तिचा वेगळा अर्थ दाखवायचा. तुमच्या बाई त्याला काय म्हणतील, मला ऐकायचंय. यमुनाबाईंना 2012 साली पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये शंभरी ओलांडून त्या गेल्या. माझ्या लहानपणी आमच्या घरात त्यांचं नाव निघत नसे. पद्मश्रीनंतर सगळे "आमच्या वाईच्या" म्हणायला लागले. तो नाच बघण्यासाठीच होता, आणि बघणाऱ्यांनीच नाचणारीला कमी लेखलं. म्हणून "आमच्याकडे नाच असा, तुमच्याकडे तसा" असं मी तुला ठणकावून सांगू शकत नाही.

तू बॅले सोडावंस किंवा मंगळागौर करावीस असं मला अजिबात म्हणायचं नाही. तुझा प्रत्येक शो मला बघायचाच आहे, अगदी पुढच्या रांगेतून. काकीआजीचं मात्र तुला कुणी सांगितलं नसतं. नलूमावशीला फोन करशील तेव्हा तिला गाण्यांबद्दल विचार. तिला अजून सगळी येतात, आणि तुझ्याशी काय बोलावं हे तिला कळत नाही असं ती मला दर वेळी म्हणते.

शनिवारी हॉलवर आमचा सराव आहे. आलीस तर मोजे काढून फिर, त्या लाकडी फरशीवर पाय फार सरकतात.

तुझी,
आई